उद्योजक संघटनेत कामगारांचा विषय हाती आला? नाशिकच्या एमआयडीसीतले पहिले सहा महिने

सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या उद्योजक संघटनेत तुम्ही नव्याने रुजू झाला असाल आणि ‘कामगारांचा विषय आजपासून तुमच्याकडे’ असं सांगून कोणी जाड फाइल टेबलावर ठेवली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी अकरा वर्षं एचआरमध्ये काढली आणि नंतर एका औद्योगिक संघटनेच्या कामगार उपसमितीचं काम घेतलं. कारखान्यातलं काम येत होतं, म्हणून हेही जमेल असं वाटलं होतं. पहिल्या वर्षी बरंच चुकलं. कारखान्यात एचआरच्या हातात थोडाफार अधिकार असतो. संघटनेत तो नसतो. सभासद उद्योजक वर्गणी भरतो, त्याला हुकूम देता येत नाही, पटवावं लागतं. आणि पलीकडे कामगाराचाही तुमच्यावर विश्वास बसावा लागतो. ही दोन्ही कामं भांडण पेटायच्या आधी करायची असतात. गेटवर झेंडे लागल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

१. आधी स्वतःची जागा ठरवा

तुम्ही लेबर ऑफिसर नाही, फॅक्टरी इन्स्पेक्टर नाही आणि युनियनचे नेतेही नाही. तुमचं काम दोन प्रकारचं आहे. सभासद कारखान्यांत कामाच्या अटी कायद्याला धरून आणि माणसाला शोभतील अशा होतील हे पाहणं, आणि मालक-कामगारांना एका टेबलावर बसायची सवय लावणं. ‘सामाजिक संवाद’ हा शब्द कानाला जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच, की पगार, पाळ्या, सुरक्षा याबद्दल मालक, कामगार आणि गरज पडली तर सरकार यांनी एकमेकांना माहिती द्यायची, विचारायचं आणि वाटाघाटी करायच्या.

पहिल्याच बैठकीत एखादा सभासद विचारेल, ‘संघटना आपण उद्योजकांसाठी काढली. कामगारांचं आपण का बघायचं?’ मला हा प्रश्न आला तेव्हा उत्तर तयार नव्हतं. आता मी १८९० ची गोष्ट सांगते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली. ती मान्य केली कोणी? गिरणी मालकांच्या संघटनेने, १० जून १८९० रोजी. एकट्यादुकट्या मालकाने गिरणी बंद ठेवली असती तर शेजारच्या गिरणीने धंदा ओढला असता. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून रविवार मिळाला. सातपूरला आजही हेच आहे. एका प्लॉटवाल्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने दिला आणि बाजूच्याने दिला नाही, तर जॉबवर्कचा दर बाजूच्याला परवडतो. अशा ठिकाणी संघटनाच कामाला येते.

जागतिक पातळीवरही मालक संघटनांना बसायला खुर्ची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. तिच्या वार्षिक परिषदेला प्रत्येक देशाकडून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी जातात. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखातं सांभाळत असताना, १९४२ साली त्रिपक्षीय कामगार परिषदेची सुरुवात झाली. म्हणजे मालकांच्या प्रतिनिधीने कामगारांच्या प्रतिनिधीसमोर बसणं ही कोणी आज काढलेली टूम नाही.

२. सभासदांची यादी माणसांच्या आकड्याप्रमाणे लावा

संघटनेकडे सभासदांची यादी बहुतेक वेळा प्लॉट नंबरप्रमाणे असते. ती कामगारसंख्येप्रमाणे नव्याने लावा. चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, आणि कोणावर कोणती जबाबदारी येते हे बरंचसं आकड्यावर ठरतं. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर हे लिहिलेलं आहे :

- १० माणसं : लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली (२०१३) अंतर्गत समिती. ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटीही इथूनच.
- २० : तक्रार निवारण समिती, भविष्य निर्वाह निधी (पीएफ), बोनस.
- ५० : कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी, पाळणाघर.
- १०० : सरकारने आदेश दिल्यास कार्य समिती (मालक आणि कामगारांची संयुक्त समिती). कॅन्टीन.
- ३०० : स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली). ले-ऑफ (तात्पुरतं काम न देणं), कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी.
- ५०० : कारखान्यात सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी. धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०.

नियुक्तीपत्राला आकड्याची अट नाही. ते प्रत्येकाला द्यायचं.

सावध राहा : एकाच शेडवर तीन नावांच्या पाट्या, प्रत्येक नावाखाली अठरा माणसं, आणि तिन्हींचा गेट, सुपरवायझर आणि चहावाला एकच, असं दिसलं तर त्या सभासदाला शांतपणे बाजूला घेऊन बोला. अपघात झाला किंवा वाद कोर्टात गेला की ही विभागणी टिकत नाही. त्याला हे वकिलाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं.

राज्याचे नियम आणि किमान वेतनाचे, विशेष भत्त्याचे दर हे नेहमी कामगार आयुक्तालयाच्या ताज्या अधिसूचनेवरून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावरून मी एकदा परिपत्रक काढलं होतं. त्यात मागच्या सहामाहीचा भत्ता होता. चाळीस सभासदांना दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागलं.

३. हे कागद जवळ ठेवा

सभासदाकडे जाण्याआधी त्याला यादी पाठवा, पण ‘तपासणी’ हा शब्द लिहू नका.

- मागच्या तीन महिन्यांचं हजेरी आणि पगार रजिस्टर
- एक कोरी आणि एक भरलेली पगार पावती
- नियुक्तीपत्राचा नमुना
- पीएफ आणि ईएसआय भरल्याची चलनं
- ठेकेदाराचा परवाना, त्याच्याशी केलेला करार आणि त्याच्या माणसांची यादी
- अपघात नोंदवही
- तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं, शेवटच्या बैठकीची टिपणं
- चालू वेतनकरार असेल तर त्याची प्रत

स्वतःसोबत वही, पेन आणि सुरक्षेचे बूट न्या. ऑफिसची चप्पल घालून प्रेस शॉपमध्ये गेलात तर तिथल्या कामगाराला तुम्ही कशासाठी आलात ते लगेच कळतं.

४. पहिली भेट : आधी शेड, मग केबिन

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मालक प्रेमाने केबिनमध्ये बसवतात, चहा येतो, फाइली येतात आणि दोन तास निघून जातात. मी आता पोचल्यावर म्हणते, ‘साहेब, चहा नंतर घेऊ, आधी एक चक्कर मारू.’

एका प्रेस शॉपमधली चक्कर मला विसरता येत नाही. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात. दोन्ही बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक बसू नये, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत, हा त्यामागचा हेतू. तिथल्या तीन प्रेसवर डाव्या बटणात काडेपेटीचा तुकडा खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. कामगार उजव्या हाताने बटण दाबत होता आणि डाव्या हाताने पीस आत सरकवत होता. फाइलमध्ये त्याच मशिनवर ‘सुरक्षा उपकरण : कार्यरत’ अशी टिक होती. मी सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, टार्गेट सोळाशेचं आहे. दोन हातांनी बाराशेच निघतात.’

हे उत्तर नीट ऐका. तो कामगार बेफिकीर नाही आणि सुपरवायझरही दुष्ट नाही. तासाचं टार्गेट ठरवताना सुरक्षित हातांचा वेग कोणी मोजलाच नव्हता. त्या दिवशी मालकाशी माझं बोलणं कायद्याबद्दल झालंच नाही. आम्ही एका प्रेसपाशी उभे राहिलो, काडी काढली, घड्याळ लावलं आणि दोन हातांनी तासाला किती पीस निघतात ते मोजलं. मग पीस सरकवायला साधी घसरगुंडी बसवली. पुढच्या महिन्यात आकडा चौदाशेवर आला आणि टार्गेटही चौदाशेच झालं. बोट गेल्यावर ईएसआयच्या कागदावर त्याची टक्केवारी निघते. पण त्याच हाताने पुढे आयुष्यभर शर्टाचं बटण लावायचं असतं.

चक्कर मारताना तीन जागा चुकवू नका : पिण्याच्या पाण्याची टाकी, बायकांचं स्वच्छतागृह आणि रात्रपाळीचा माणूस बाहेर पडतो ते गेट. या तीन जागा पाहिल्यावर बाकीचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

५. सुरुवात पगार पावतीपासून करा

सुधारणा म्हटलं की मोठं चर्चासत्र घ्यावंसं वाटतं. ते नंतर. कामगाराला महिन्याभरात डोळ्यांनी दिसेल अशी एकच गोष्ट आधी करा. माझ्या अनुभवात ती म्हणजे समजेल अशी पगार पावती.

वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा, ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायला हवा, आणि काम सोडलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला हवं. वेतनाची व्याख्याही बदलली आहे : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. याचा परिणाम पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर होतो. त्यामुळे बेसिक छोटं आणि भत्ते मोठे ठेवणाऱ्या सभासदांना आधीच बसवून हिशोब करून दाखवा.

पावती मराठीत करा. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या एका मुलाने मला त्याची पावती दाखवून विचारलं होतं, ‘हे ७५० कापले ते कोणी घेतले?’ तो व्यवसाय कर नव्हता, पीएफही नव्हता. आगाऊ दिलेल्या पैशांचा हप्ता होता आणि आगाऊ रक्कम फिटून दोन महिने झाले होते. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, संगणकातली नोंद बंद करायची राहिली होती. पण त्या दोन महिन्यांत त्याच्या खोलीवर, श्रमिकनगरमधल्या आठ जणांत, कंपनी पैसे खाते ही गोष्ट पक्की झाली होती.

६. तक्रार निवारण समिती : ‘निरंक’ लिहिलेल्या वहीचं काय करायचं

औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ही समिती हवी. सदस्य जास्तीत जास्त दहा, मालकाचे आणि कामगारांचे सारखे. अध्यक्षपद दरवर्षी आलटून पालटून, एक वर्ष मालकाच्या बाजूकडे, एक वर्ष कामगारांकडे. बायकांचं प्रमाण कामगारांत जेवढं, तेवढं तरी समितीत हवं. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत काम संपवायचं. निर्णय बहुमताने होतो, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांची संमती नसेल तर तो निर्णय झालाच नाही असं धरतात. हे शेवटचं वाक्य मालकांना दोनदा वाचून दाखवा, कारण ‘आपले पाच, त्यांचा एक फोडला की झालं’ हा हिशोब त्याने बंद होतो. समाधान झालं नाही तर कामगार युनियनमार्फत ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

आता प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगते. बहुतेक ठिकाणी वही असते, छान कव्हर घातलेली. आत दर महिन्याला एकच शब्द : निरंक. मालक ती वही अभिमानाने दाखवतात. दीडशे माणसं तीन पाळ्यांत काम करतात आणि वर्षभरात एकाचीही तक्रार नाही, असं होत नाही. वही निरंक असते तेव्हा तक्रारी दुसरीकडे जात असतात : चहाच्या टपरीवर, गैरहजेरीत, नाहीतर थेट शेजारच्या कंपनीच्या गेटवर.

वही भरायला लागावी म्हणून हे करून पाहा.

प्रतिनिधी कामगारांनी निवडू द्या. सुपरवायझरने सुचवलेली नावं चालत नाहीत. मी पहिल्यांदा एका कंपनीत सुचवलेली नावं तशीच स्वीकारली. त्यातले दोघे एचआरच्या गावचे निघाले आणि समिती त्याच दिवशी संपली, फक्त ते कळायला मला चार महिने लागले.

बैठक कामाच्या वेळेत घ्या आणि त्या वेळेचा पगार द्या. पाळी सुटल्यावर बोलावलं तर माणूस घड्याळ बघत बसतो.

बसायची जागा बघा. मी एका बैठकीला गेले तेव्हा साहेब लोक टेबलाभोवती बसले होते आणि कामगार प्रतिनिधी दाराजवळ भिंतीला लागून उभे होते. खुर्च्या होत्या, पण त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. त्यातल्या सगळ्यात वयस्कर मामांना मी शेजारची खुर्ची ओढून दिली, तेव्हा त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं. अशा ठिकाणी पहिल्या तीन बैठका फक्त बसण्यात जातात. जाऊ द्या.

पहिली तक्रार छोटी येईल. कूलर बंद, रात्रपाळीच्या वाटेवर दिवा नाही, बायोमेट्रिक मशिन हात ओला असला की पंच घेत नाही. तीच आठवड्यात सोडवा आणि काय केलं ते फलकावर तारखेसह लिहा. पगाराची खरी तक्रार त्यानंतर येते.

अंतर्गत समितीची बाब वेगळी आहे. लैंगिक छळाची तक्रार तिच्याकडेच जाते, ती तक्रार निवारण समितीकडे आणू नका. अंतर्गत समितीत अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा. गुप्तता पाळणं बंधनकारक आहे.

७. युनियनच्या ऑफिसात स्वतः जा

नाशिकमध्ये कामगार चळवळ जुनी आणि जागी आहे. सिटूसारख्या डाव्या संघटना इथे बळकट आहेत आणि त्यांच्या लोकांना कायदा पाठ असतो. उद्योजक संघटनेचा माणूस युनियनच्या ऑफिसात गेला तर आपल्याच सभासदांत कुजबुज होते. तरीही जा, पण कार्यकारिणीला आधी सांगून आणि काही मागणी डोक्यावर नसताना. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काहीही ठरवायचं नव्हतं. ‘आमच्या सभासदांबद्दल तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय येतं?’ एवढंच विचारलं. दीड तासात मला जे कळलं ते वर्षभराच्या परिपत्रकांत नव्हतं.

मागणीपत्र आल्यावर सभासदाला तीन गोष्टी सांगा.

पोच द्या आणि पहिल्या बैठकीची तारीख लगेच कळवा. मागणीपत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं की प्रश्न पगाराचा राहत नाही, मानाचा होतो.

कोणाशी बोलायचं हे कायद्याने ठरू द्या. नव्या संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीसाठी मान्य होते. कोणाकडेच तेवढा नसेल तर युनियनच्या प्रतिनिधींची मिळून वाटाघाटी परिषद बसते. जुन्या एचआर मंडळींच्या डोक्यात राज्याच्या १९७१ च्या मान्यता कायद्यातला ३० टक्क्यांचा आकडा पक्का असतो. आपल्या प्रकरणात काय लागू आहे हे कामगार वकिलाकडून लेखी घ्या. आणि एका युनियनला शह द्यायला दुसरी उभी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू देऊ नका. दोन वर्षांनी दोन्ही गेटवर असतात.

आकडे घेऊन बसा. वेतनकराराच्या बोलण्यात मालक ‘परवडत नाही’ म्हणतो आणि काहीच दाखवत नाही. ताळेबंद उघडा करा असं मी म्हणत नाही. पण ऑर्डर किती घटली, कच्चा माल किती वाढला, रिजेक्शन किती, एवढं एका पानावर दिलं तरी समोरचा माणूस त्यावर बोलतो. उत्पादकतेशी बांधलेली वाढ मागायची असेल तर हे पान नसताना मागूच नका.

संपासाठी संहितेत १४ दिवसांच्या नोटिशीची अट आहे, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून घेतलेली किरकोळ रजाही संपच धरतात. नोटीस आली म्हणजे दार बंद झालं असं समजू नका. कामगार उपायुक्त कार्यालयात समेटाची बैठक लागते. तिथे निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस पाठवा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस तीन तारखा घालवतो.

८. ठेकेदाराची माणसं आणि ‘ट्रेनी’

इथे बहुतेक सभासद अडचणीत असतात, म्हणून शेवटी ठेवू नका. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात ती माणसं काम करतात त्याच्यावर, येते. चलनावर त्याच माणसांची नावं आहेत का हे महिन्याच्या महिन्याला पडताळा. मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसं लावण्यावरही बंधनं आहेत.

ट्रेनीचं तर सरळ पाहा : शिकायला आलेला मुलगा तिसऱ्या वर्षी त्याच मशिनवर तीच पाळी करत असेल आणि त्याच्या हाताखाली नवा मुलगा शिकत असेल, तर तो ट्रेनी नाही. सभासदाला मुदतीच्या नोकरीचा, म्हणजे ठरावीक काळाच्या लेखी करारावर थेट नेमण्याचा, पर्याय समजावून द्या. त्यात कायम कामगारासारखेच लाभ द्यावे लागतात आणि वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटी लागू होते. खर्च वाढतो, पण माणूस कागदावर खरा येतो.

९. ग्राहकाचं ऑडिट आलं तर

निर्यात करणाऱ्या किंवा मोठ्या वाहन कंपनीला माल देणाऱ्या सभासदाकडे कामगार मानकांची प्रश्नावली येते. त्यातले मुद्दे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मूलभूत तत्त्वांवरून घेतलेले असतात : वेठबिगारी नको, बालमजुरी नको, भेदभाव नको, संघटनेचं स्वातंत्र्य हवं, आणि २०२२ पासून सुरक्षित व आरोग्यदायी कामाची जागा. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने संमत केलेले नाहीत, म्हणून काही जण ‘हे आपल्याला लागू नाही’ असं लिहून मोकळे होतात. तसं लिहू देऊ नका. संघटना करण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ मध्येच आहे.

दुहेरी रजिस्टर ठेवू नका, एक ऑडिटसाठी आणि एक खरं. ऑडिटर कामगारांशी एकट्याने बोलतात, आणि ‘रविवारी आलो होतो’ हे कोणीतरी सहज सांगून जातं. ओव्हरटाइम जास्त होत असेल तर तो खरा दाखवा आणि कमी करायचा सहा महिन्यांचा कार्यक्रम सोबत द्या.

१०. कार्यकारिणीला काय दाखवाल

किती चर्चासत्रं झाली हे मोजू नका. हे चार आकडे ठेवा : किती सभासद समजेल अशी पावती देतात, किती ठिकाणी समितीची निवड कामगारांनी केली, किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती ३० दिवसांत मिटल्या, आणि किती अपघात नोंदले गेले.

सहा महिन्यांनी तक्रारींचा आकडा वाढलेला असेल. बैठकीत पहिला प्रश्न हाच येईल : ‘तुम्ही काम घेतल्यापासून तक्रारी वाढल्या कशा?’ त्या दिवशी एकाच कंपनीच्या वहीची दोन पानं झेरॉक्स करून सोबत न्या. एक आधीचं, ज्यावर निरंक लिहिलंय, आणि एक आत्ताचं, ज्यावर कूलर, दिवा, पंच आणि ७५० रुपयांचा हप्ता आहे, आणि प्रत्येकापुढे सोडवल्याची तारीख. त्या दोन महिन्यांची गैरहजेरी पानांच्या खाली पेनाने लिहा.